स्वतःच्या गाडीनं एकोडीला

गाडीपायी मला पहिली लाज वाटली ती धुराच्या दाखल्याच्या टपरीवर.

भंडाऱ्याच्या एका पेट्रोलपंपाशेजारी पिंटूची टपरी आहे. गाडी चालू ठेवायची, पिंटू मागच्या नळकांड्यात नळी खुपसतो, यंत्र आकडे दाखवतं आणि ही गाडी फार धूर सोडत नाही असा कागद हातात पडतो. माझ्यापुढे एक भाजीचा टेम्पो होता. तो असा काही खोकला की टपरीतल्या कॅलेंडरवरचा गणपती दिसेनासा झाला. त्याला दाखला मिळाला. मग माझा नंबर.

"गाडी चालू करा, भाऊ," पिंटू म्हणाला.

"चालूच आहे."

पिंटूनं बॉनेटला कान लावला. "बंद हाय."

"चालू आहे रे बापा. हायब्रीड आहे. उभी असली की इंजिन झोपतं, गाडी बॅटरीवर असते."

"मंग उठवा ना इंजिनले. धूर काहून नाई येऊन राहिला?"

"धूर येत नाही म्हणूनच तर घेतली!"

"थे ठीक हाय. पण यंत्र शून्य दाखवून राहिलं. शून्यावर दाखला निघत नाई. थोडासा तरी धूर दाखवा, भाऊ."

मागच्या रांगेतून कोणीतरी सल्ला दिला, "उदबत्ती लावा ना मागं!" रांग हसली. मी एसी लावला, पाय दाबला, इंजिन एकदाचं घुरघुरलं. पिंटू नळी घेऊन धावला, तोवर ते परत झोपलं. असं बराच वेळ चाललं. तो नळी काढायचा तेव्हा इंजिन जागायचं, घालायचा तेव्हा झोपायचं. शेवटी त्यानं मला बाजूला घेऊन, एखाद्या रोग्याच्या नातेवाइकाशी बोलावं तसं हळू आवाजात सांगितलं, "बिघाड हाय भाऊ गाडीत. दुरुस्त करून घ्या. धूर निघाला का या."

अशा रीतीनं अख्ख्या तालुक्यातली सर्वांत स्वच्छ गाडी नापास होऊन घरी निघाली.

मी तसा हिशोबी माणूस. शहापूरला हायवेच्या कडेला माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं. गल्ल्यावर बसून बसून माणसं वाचायची सवय लागते. कोण खत घ्यायला आला आणि कोण नुसताच पंख्याखाली बसायला आला हे मला त्याच्या चपला काढण्यावरून कळतं. कोण कोणाला कधी हसला याची नोंदही माझ्या डोक्यात पक्की राहते, आणि आजवर त्या खात्यात हसणारा बहुतेक वेळा मीच होतो. माझा साडू इश्वर. त्याची जुनी डिझेल जीप सकाळी ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. या एका गोष्टीवर मी सासुरवाडीच्या कितीक पंगती हसवल्या आहेत. "इश्वरभाऊच्या गाडीले पेट्रोल नाई लागत, डिझेल नाई लागत, चार पोट्टे लागतात," असं मी म्हणायचो. इश्वर बिचारा वरण ओरपत राहायचा.

ही सगळी पुंजी गेल्या वर्षी एका दिवसात बुडाली.

आता गाडी घेतलीच का, ते सांगतो. माझी बायको शकुन एकोडीची. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. शिंगाडे, ऊस, पाळणे, दिवसा दंडार, म्हणजे ढोलकीवरची नाचगाणी-सोंगं, रात्री नाटक, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लेकी माहेरी येतात. एकोडीला माझ्या सासूबाई, चंद्रभागाबाई, मंडईच्या दिवशी दारात खाट टाकून बसतात आणि कोण कशातून उतरलं ते बघतात. धाकटी लेक रिता इश्वरच्या जीपमधून उतरते. मोठी लेक शकुन एसटीतून फाट्यावर उतरते आणि मग पिशव्या सावरत चालत येते. सासूबाई काही बोलत नाहीत. पण दोन्ही जावयांच्या ताटातल्या अनारशांचे आकार मी पाहिलेले आहेत.

त्यात सासूबाईंची नजर जाऊ लागली. डॉक्टर म्हणाला, यात ऑपरेशन नाही, आहे तेवढं दिवस पुरवा. त्या रात्री शकुन मला म्हणाली, "अजी, मायले दिसते तवापर्यंत एक डाव तिच्या दारात आपल्या गाडीतून उतरायचं हाय मले. मंग थे गाडी फुंकून टाका, मी काई म्हणणार नाई."

बायको कैक वर्षं काही मागत नाही आणि मग एकच गोष्ट मागते. त्यात घासाघीस करायची सोय नसते. मी नागपूरहून गाडी आणली. जुनीच, पण पांढरीशुभ्र. विकणारा म्हणाला, "काका, ही स्वतःच स्वतःला चार्ज करते." हे वाक्य मी शहापुरात घरोघरी फिरवलं. आता वाटतं, थोडं कमी फिरवायला पाहिजे होतं.

पिंटूनं नापास केल्यावर मी गाडी दुकानाच्या मागच्या गोदामात लावली, कारण विनादाखल्याची काढायची तरी कशी. काही दिवसांनी काढायला गेलो तर दारच उघडेना. किल्लीचं बटन दाबलं. पुन्हा दाबलं. किल्ली खिशाला पुसून दाबली. तोवर दुकानातली गिऱ्हाइकं धानाच्या औषधाचं विसरून गोदामाच्या दारात जमली होती.

"काय झालं, टेकचंदभाऊ?"

"काही नाही. पाहून राहिलो, कुलूप नीट आहे का."

"नीट हाय मंग. उघडूनच नाई राहिलं!"

तेवढ्यात शेजारचा कैलाश आला. कैलाश वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेला आहे, आणि निवृत्तीनंतर त्याचा सगळा प्रवाह माझ्याकडे वळला आहे. त्यानं सांगितलं की या गाडीत बॅटऱ्या दोन असतात. मोठी असते मागच्या सीटखाली, ती गाडी ओढते. लहान असते कोपऱ्यात, ती मोठीला उठवते. लहान बसली की मोठी टम्म भरलेली असून उपयोग नाही. हे मला लगेच पटलं. आमच्या तालुक्याच्या कचेरीतही साहेब वेळेवर येऊन व्हरांड्यात उभा असतो आणि किल्ली शिपायाच्या घरी असते.

"मंग लहानीले काय द्यायचं?" मी विचारलं.

"करंट," कैलाश म्हणाला. एवढंच बोलून थांबला असता तर बरं होतं. पण तो पुढं म्हणाला, "मले त पहिलेच वाटलं होतं. जी गाडी आवाज करत नाई तिच्यावर भरोसा नाई ठेवायचा. आपल्या खात्यात बी जे तार आवाज नाई करत थेच झटका देते."

मग सल्ल्यांना पूर आला. कोणी म्हणालं, रोज संध्याकाळी एक फेरी मारा. कोणी म्हणालं, बॅटरीची तारच काढून ठेवा, रात्री उशाशी घेऊन झोपा. खताची एक पिशवी घ्यायला आलेली सुंदरबाई म्हणाली, "नजर लागली हाय भाऊ. निंबू-मिरची बांधा." मी म्हटलं, नजर लागायला आधी गाडी रस्त्यावर तर दिसली पाहिजे. तरी शकुननं दुपारी निंबू-मिरची बांधलीच. शेवटी इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून तारा लावून गाडी उठवली, आणि उठल्या उठल्या तिनं पडद्यावर लाल त्रिकोण दाखवला.

त्या त्रिकोणासाठी, दाखला नसताना, पोलीस चुकवत नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथं अमर नावाचा टाय लावलेला मुलगा भेटला. त्यानं गाडीला संगणक जोडला आणि म्हणाला, "सर, काही फॉल्ट दिसत नाही."

मी पडद्याकडे बोट केलं. त्रिकोण गेला होता. शहापूरपासून नागपूरच्या वेशीपर्यंत डोळे वटारून बसलेला त्रिकोण सर्व्हिस सेंटरच्या दारात, पाहुणे आल्यावर गुणी झालेल्या पोरासारखा, दिसेनासा झाला. परत आलो. कन्हानचा पूल ओलांडला आणि तो पुन्हा हजर.

असे हेलपाटे झाले. मग अमर म्हणाला की वॉरंटीत बॅटरी पूर्ण तपासून मिळेल. पण वॉरंटी पहिल्या मालकाच्या नावे. ती बदलायच्या फॉर्मवर त्याची सही पाहिजे. तो परदेशी निघून गेलेला. हे कसंबसं ईमेलवर जमवलं, तर काउंटरवरची बाई म्हणाली, "चालू धुराचा दाखला जोडा."

म्हणजे पहा. दाखल्यासाठी धूर पाहिजे, धुरासाठी दुरुस्ती पाहिजे, दुरुस्तीसाठी दाखला पाहिजे. मी तिला ही गोष्ट नीट समजावून सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो ना काका. म्हणूनच झेरॉक्स दोन आणा."

वॉरंटीचा नाद सोडला. अमरला दया आली असावी. त्यानं इंजिन जागं ठेवायची एक युक्ती सांगितली, त्यावर पिंटूचा दाखला एकदाचा निघाला. आणि अमरनंच खाली वाकून पाहताना गाडीचं दुखणं शोधलं. एक तार अर्धी कुरतडलेली होती.

"सर, उंदीर आहेत. गाडी कुठं ठेवता?"

"गोदामात."

"धान्याच्या?"

"हो, थोडं बियाणं असतं."

"आपला व्यवसाय काय, सर?"

आता सांगायला हरकत नाही. मी विदर्भातल्या एका नामांकित उंदीरनाशकाचा तालुक्यातला जुना विक्रेता आहे. दुकानावर मेलेल्या उंदराचं चित्र असलेला फलक आहे. मी अमरला म्हणालो, "शेतीविषयक मार्गदर्शन करतो."

ही गोष्ट नागपुरात राहिली असती. पण कैलाश सोबत होता. दुसऱ्या दिवशीपासून गिऱ्हाईक गल्ल्यावर यायचं आणि तोंड गंभीर ठेवून म्हणायचं, "टेकचंदभाऊ, उंदराचं औषध द्या. अन् थे नोका देजा, जे तुमी गाडीपाशी ठेवता." तो अख्खा हंगाम माझा तो माल हलला नाही. उंदीर मात्र हलत होते.

तार बदलली. महिन्याभरात दुसरी तुटली. ती बदलली तर तिसरी. मंडई जवळ येत चालली आणि शकुन माझ्याकडे काही न बोलता पाहू लागली. तिचं बोलणं मला सोसतं, पाहणं नाही. मग मी ठरवलं की आता हा प्रश्न आपणच निकालात काढायचा. गाडी बाहेर काढली, सगळी दारं उघडली, बॅटरी घेऊन (हातातली, उजेडाची) आत शिरलो आणि उंदरांच्या नजरेनं गाडी पाहिली.

मागच्या सीटच्या कडेला, खाली, एक जाळी होती. जाळीच्या मागे सरळ भोक. आत वारा जावा एवढं मोठं. मी चकितच झालो. एवढे इंजिनिअर, एवढे संगणक, आणि उंदरांसाठी अशी स्वागतकमान कोणाच्याच लक्षात येऊ नये! शकुनची एक जुनी निळी साडी होती. तिचे बोळे केले, मध्ये कडुनिंबाचा पाला भरला आणि फूटपट्टीनं ठोकून ठोकून ते भोक असं बुजवलं की बोट जाईना. वरून मागच्या सीटवर जाड सतरंजी टाकली, ती खालपर्यंत सोडली.

कैलाश येऊन पाहून गेला. "आता मुंगी बी नाई जात," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यानं माझं केलेलं हे एकुलतं एक कौतुक. गाडीसोबत मिळालेलं इंग्रजी माहितीपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत तसंच होतं. त्यात त्या जाळीबद्दल एक अख्खं पान आहे हे मला आता माहीत आहे.

मंडईच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. शकुन मागं बसली. मी म्हटलं, "पुढं ये ना, दोघंच तर आहोत."

"पुढं क्लीनर बसते," ती म्हणाली.

मग पुढच्या सीटवर मायसाठी घेतलेली नव्या तांदळाची गोणी ठेवली. गाडी लगेच कोकलू लागली, कारण सीटवर वजन आणि पट्टा नाही. गोणीला पट्टा लावला तेव्हा गप्प झाली. शकुननं मोरपंखी रेशमी साडी नेसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. आरशात पाहिलं तर मला वाटलं, आपण कोणाचे तरी ड्रायव्हर आहोत. आणि खरं म्हणजे त्यात मला बरंच वाटलं.

वैनगंगेच्या पुलापर्यंत सगळं छान. लाखनीच्या आसपास मागून आवाज आला, "अजी, मागं चुलीपाशी बसल्यावानी लागून राहिलं."

"मोठ्या गाडीत असंच असतं. सवय नाही तुला."

साकोलीला लाल त्रिकोण उगवला. मी त्यावर तांदळाच्या गोणीचं मोकळं टोक ओढून घेतलं. साकोली सोडल्यावर गाडी हळू झाली. पाय कितीही दाबला तरी ती आपल्याच विचारात. शिंगाड्यांची टोपली मागं बांधलेला एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला, आणि जाताना आत डोकावून "राम राम" पण म्हणाला.

"थे सायकल पुढं काहून गेली?"

"पेट्रोल वाचवून राहिलो मी."

एकोडीची शीव आली, तलावाची पाळ दिसली, पाळीवर मंडईला चाललेल्या माणसांची रांग दिसली, आणि तिथं गाडी थांबली. पडद्यावर इंग्रजीत आलं की गाडी सुरक्षित ठिकाणी उभी करा. सुरक्षित! सासुरवाडीच्या शिवेवर, मंडईच्या दिवशी, जावयासाठी सुरक्षित ठिकाण कोणतं, हे त्या जपानी की कोरियन माणसाला मी विचारू इच्छितो.

मी चारही दिवे लुकलुकत ठेवले, पंखा ठेवला, मनाला धीर यावा म्हणून भजन लावलं आणि सर्व्हिस सेंटरला फोन लावला. फोनमधली बाई एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली. मी दाबत राहिलो. तेवढ्यात भजन थांबलं, दिवे थांबले, पंखा थांबला. मोठी बॅटरी तापून बसली होती, आता लहानीनंही प्राण सोडला. काचा वर होत्या, त्या वरच राहिल्या.

शकुननं पाठीमागं हात घातला, सतरंजी सरकवली, जाळीत बोटं घातली आणि ओढलं. इस्त्रीखालून निघावा तसा गरम निळा बोळा बाहेर आला. मग दुसरा. मग वाळलेला कडुनिंब.

"हे माही साडी इथं काहून कोंबली?"

"उंदरांसाठी."

"मेले उंदीर?"

"नाही."

"मंग गाडी काहून मेली?"

 काही प्रश्नांना माहितीपुस्तकात अख्खं पान असतं.

तेवढ्यात माझा साळा भैय्यालाल मोटरसायकलवर आला. "भाऊजी, इथं कायले थांबले? माय कवाची खाटेवर बसून हाय." त्यानं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. तो भला माणूस आहे, हसला नाही. पण त्याच्या मागोमाग जीप आली. इश्वर आणि रिता.

इश्वर खाली उतरला. इतक्या वर्षांच्या पंगती त्याच्या चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक येऊन गेल्या. तरी तो एवढंच म्हणाला, "भाऊसाहेब, दोर हाय माह्यापाशी. जीपच्या मागं बांधू का?"

मी हो म्हणणार होतो. लाज गिळायची माझी तयारी झाली होती. पण मागचं दार इंचभर उघडलं आणि आतून आवाज आला, "रिताच्या जीपच्या मागं बांधून नाई यायची मी."

"बाई, उतर मंग," भैय्यालाल म्हणाला. "मोटरसायकलवर बस. दोन मिंटाचं काम."

"मी उतरीन त मायच्या दारात. तवापर्यंत हालत नाई."

आणि दार बंद झालं.

आता काय करायचं? गावातले ट्रॅक्टर धान ओढायला गेलेले. बैल आणावेत तर शकुन कबूल होईना. पाळीवर जमलेले लोक एकेक करून गाडीला हात लावून पाहत होते. "आवाजच नाई राजा." "तरी भाऊ सांगत होते, सोताच चार्ज होते." हे शेवटचं एकोडीपर्यंत कसं पोचलं, याचा मी आजही तपास करतो आहे.

तेवढ्यात पाळीवरून दंडारीची मंडळी आली. शेजारच्या टोलीवरचे, म्हणजे वाडीवरचे, लोक, ढोलकी, झांजा, अंगात झगमग अंगरखे. त्यात चिंधू होता. चिंधू बाईचं सोंग करतो. पिवळं लुगडं, केसांचा टोप, ओठाला लाली, आणि मिशी फक्त त्या दिवसापुरती काढलेली. त्यानं काचेतून आत पाहिलं. शकुन आणि तो एकाच शाळेतले.

"शकुनबाई, काय झालं व?"

शकुननं काचेआडून हात जोडून नमस्कार केला. चिंधूनं लुगड्याचा काष्टा खोचला. "लागा रे हाताले," तो म्हणाला.

नशिबानं दांडी न्यूट्रलवर सरकली. मी स्टीअरिंग धरून आत बसलो, कारण कोणीतरी धरायलाच पाहिजे होतं, आणि खरं सांगतो, मागं उभं राहून ढकलायला मी तयार होतो. पण स्टीअरिंग दगडासारखं जड झालेलं. दंडारवाले मागं लागले, भैय्यालाल लागला, आणि थोडं अंतर गेल्यावर आरशात पाहतो तर मधोमध खांदा लावून इश्वर. ढकलणाऱ्यांचा जोर एका वेळी लागेना म्हणून ढोलकीवाला पुढं आला आणि त्यानं ताल धरला. मग झांजा आल्या. मंडईची वेळ, ढोलकी वाजली की लोक येतातच. कोणी फेर धरला, कोणी गुलाल उधळला. पोरं ओरडू लागली, "जवई बसले, गाव ढकलते!"

मी मान खाली घातली. घातली ती घातलीच. मला समोरचा रस्ता दिसत होता तो फक्त बॉनेटच्या कडेपुरता. मागं शकुन मात्र सरळ बसली होती. बंद काचांच्या आत, उकाड्यात, गळ्याशी घाम, पण पदर जागचा हलला नाही. एका म्हातारीनं तर मंडईत देवी निघाली समजून काचेला हात जोडले.

अशी आमची मिरवणूक सासूबाईंच्या दारात पोचली.

चंद्रभागाबाई खाटेवरून उठल्या. डोळ्यांवर हात धरला. त्यांना काय दिसलं असेल? काहीतरी पांढरं, झळझळीत, गुलालात, माणसांच्या गर्दीत.

"कोण होय बा?"

"शकुनबाई आली व माय," भैय्यालाल म्हणाला. "टेकचंदभाऊजीच्या गाडीत."

"अन् हा वाजा?"

ढोलकी थांबली.   इश्वरनं घाम पुसत तोंड उघडलं. माझ्या साऱ्या हिशोबाप्रमाणे ही त्याची वेळ होती, आणि ती त्यानं घ्यायलाच पाहिजे होती. पण त्याच्या आधी चिंधू पुढं आला. लाली गालापर्यंत पसरलेली, टोप तिरपा.

"जवईबापूनं सांगतला ना व, काकी. म्हणे, लेकीले मायच्या दारात वाजतगाजत नेतो."

इश्वरनं तोंड मिटलं. मग म्हणाला, "हाव, मायबाई. माह्या समोर सांगतलं."

शकुननं दार उघडलं आणि ती उतरली. सावकाश. आधी एक पाय, मग पदर, मग दुसरा पाय. सासूबाईंनी आधी तिला नाही, गाडीला हात लावला. "गरम हाय," त्या म्हणाल्या. "लंबून आली बिचारी." मग ताट मागवलं, गाडीला हळद-कुंकू लावलं, मला ओवाळलं, आणि जमलेल्या लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "जीप त सारेच आणतात. वाजा कोणी आणला आजवर?"

माझ्या कपाळाला गुलाल लागला तेव्हा मला जी लाज वाटली, ती पिंटूच्या टपरीवर वाटली नव्हती, गोदामाच्या दारात वाटली नव्हती, पाळीवरही नव्हती. समोर अख्खं गाव उभं होतं आणि अख्ख्या गावाला माहीत होतं. कोणीच हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. हसण्याचा हिशोब मला ठेवता येतो. त्या दिवशी ताटात अनारसे आले, ते दोन्ही जावयांना सारखे.

दुसऱ्या दिवशी गाडी इश्वरच्या जीपची बॅटरी जोडून सुरू केली. त्याआधी जीप ढकलावी लागली. मी ढकलली. 

त्यानंतर वर्षभर मी त्या गाडीची सेवा केली. मोठ्या बॅटरीला वारा मिळावा म्हणून जाळी मोकळी ठेवली. लहान बॅटरी नवी बसवली. गाडी गोदामातून काढून घरापुढे उघड्यावर आणली, आणि खाली तारेची बारीक जाळी मारून घेतली. माहितीपुस्तक पिशवीतून काढून शब्दकोश घेऊन वाचलं. लाल त्रिकोण परत दिसला नाही. पिंटू आता मला पाहूनच यंत्र तयार करतो. कैलाशकडे बोलायला विषय उरला नाही, म्हणून तो सध्या माझ्या फ्रिजकडे वळला आहे.

यंदा मंडईच्या आठवडाभर आधी भैय्यालालचा फोन आला. "भाऊजी, माय इचारते, वाजा आणता ना? साऱ्या गावाले सांगून बसली हाय ते."

मी म्हटलं, "गाडी आता ठणठणीत आहे रे. वाजा कशाला?"

 "बाईले इचारा," तो म्हणाला.

शकुनला विचारलं नाही. मला वाटलं, गाडी सरळ दारात नेऊन उभी करू. आपली गाडी, आपल्या चाकांवर. गेल्या वर्षीचं सगळं त्यातच पुसलं जाईल. तांदळाच्या गोणीला पट्टा लावला, शकुन मागं बसली, आणि गाडी साकोलीपर्यंत अशी आली की पोटातलं पाणी हललं नाही. सायकलवाले सगळे मागं राहिले.

एकोडीची शीव आली. तलावाची पाळ आली. पाळीवर दंडारीची मंडळी उभी होती. चिंधू पिवळ्या लुगड्यात, लाली लावून तयार. इश्वर बाह्या सारून उभा.

मी पाय ब्रेकवर नेला नाही. मागून आवाज आला.

"अजी, थांबवा."

"कशाला? चालू आहे ना गाडी."

"मायले आता काईच दिसत नाई," शकुन म्हणाली. "अन् तुमच्या गाडीले आवाज नाई. मी कशात आली, तिले समजन कसं?"

आरशात पाहिलं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला होता.

"करा बंद," ती म्हणाली.

मी बटन दाबलं, दांडी न्यूट्रलवर टाकली आणि मान खाली घातली. मागून इश्वरचा खांदा लागला. ढोलकीवर थाप पडली.